नाक्यावरची नियती

कवी कोणाच्या बापाला भीत नाही! त्याच्या एका ओळीनं सिंहासनं डळमळतात, तुरुंगाच्या भिंतींना तडे जातात आणि जुलमी सत्तेची झोप उडते!

गिरगावातल्या शब्दपूजा काव्यमंडळाचे चिटणीस मनमोहन सदाशिव त्रिलोकेकर हे वाक्य दर वर्षी मंडळाच्या सभेत म्हणत, आणि दर वर्षी ते म्हणण्याआधी रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या लावून घेत. पूर्वी कोणी विचारलं तर ट्रामच्या खडखडाटाचं कारण सांगत. या वर्षी कोणी विचारलंच नाही. उलट खिडकी लावायला दोघंतिघं मदतीला धावले.

कारण हे वर्ष छप्पनचं होतं. जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्र मिळाला नव्हता, त्याच्याऐवजी मिळालेलं द्विभाषिक राज्य जेमतेम महिन्याचं होतं. गिरणगावात माणसं भर रस्त्यात घोषणा देत होती. त्रिलोकेकरांच्या माडीवर मात्र 'महाराष्ट्र' हा शब्दसुद्धा दाराला कडी घालून उच्चारला जाई.

त्रिलोकेकर एका सरकारी खात्यात हेड क्लार्क होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलगी लीला लग्नाची होती. सरकारी नोकरानं चळवळीत भाग घेऊ नये असं परिपत्रक निघालं, तेव्हा त्यांनी ते सात वेळा वाचलं. त्यात कवितेचा कुठेही उल्लेख नव्हता. दुसरा एखादा यामुळे निश्चिंत झाला असता. त्रिलोकेकरांची झोप उडाली. जे लिहिलेलंच नाही ते पाळायचं कसं? तेव्हा त्यांनी जे सुचेल ते सगळंच पाळायचं ठरवलं.

आता शब्दपूजा मंडळाची एक चांगली रीत होती. दर डिसेंबरात एका रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात फक्त नव्या कवींना बोलवत. खाली फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे: 'नवोदितांस संधी. प्रत्येकी पाच मिनिटे.' घोडपदेवचा फिटर असो की दादरचा मास्तर, ज्यानं कविता लिहिली त्याला पाच मिनिटं. ज्यांना मासिकवाले दारात उभं करत नसत, अशी कितीतरी माणसं या पाच मिनिटांसाठी वर्षभर थांबत.

या वर्षी त्रिलोकेकरांनी या रितीत एक भर घातली. कविता आठ दिवस आधी चिटणिसांकडे द्यायची. चिटणीस ती लाल पेन्सिलीनं तपासणार, नवा कागद तयार करून खाली 'पाहिले' असं लिहून सही करणार, आणि कवीनं व्यासपीठावर तोच कागद वाचायचा. असं करा म्हणून त्यांना मंडळानं सांगितलं नव्हतं. सरकारला तर हे मंडळ आहे हेसुद्धा ठाऊक असेल की नाही, शंकाच होती!

कचेरीतले मसुदे दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेली, त्यामुळे हात तयार होता. 'मोर्चा' दिसला की ते 'मेळा' करत. 'लाल पहाट' त्यांनी गुलाबी केली. 'मुंबई' जिथं जिथं आली तिथं 'ही नगरी' घातलं. परळच्या एका तरुणानं आपल्या प्रेयसीला 'तुझ्यासाठी मी लढेन' असं वचन दिलं होतं. त्रिलोकेकरांनी बराच विचार करून ते 'तुझ्यासाठी मी अर्ज करेन' असं केलं. मात्रा बरोबर बसत नव्हत्या, पण पोलिसांना मात्रांशी काय घेणं!

या गठ्ठ्यातच शेवंती परबचा कागद होता.

शेवंती काळाचौकीला राहणारी, गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला. चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या ओव्या वहीच्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ रामू जानेवारीत कामाला निघाला आणि नाक्यावर गोळी लागून गेला. त्याच्यावर त्या ओव्या. पहिल्या ओळी वाचताना त्रिलोकेकरांचा हात पेन्सिलीकडे गेला नाही. भाकर बांधल्याचं होतं, कांद्याचं होतं. मग दुसरं कडवं आलं.

*नाक्यावर बंदूक उभी, तिला नाव ना गाव,*
*तिनं नाही पुसलं, 'बाबा, तुझं काय नाव?'*

त्रिलोकेकर उठले. त्यांनी खिडकी लावली. मग दार लावलं. मग पुन्हा बसून 'बंदूक' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात 'नियती' लिहिलं. एवढ्यानं जीव थंड होईना, म्हणून मागं पहिल्या कडव्यात जाऊन 'रामूनं' खोडलं आणि 'बंधूनं' केलं. नाव म्हटलं की चौकशी आलीच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कचेरीत शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं अच्युत कोठारे बसत असे, बावीस वर्षं.

"अच्युत कुठंय?" त्रिलोकेकरांनी विचारलं.

"बदली. धुळ्याला. कालच ऑर्डर आली." पलीकडच्या टेबलावरचा कारकून मान वर न करता पुटपुटला.

"कशाबद्दल?"

"कोण सांगणार! शिवाजी पार्कच्या सभेत दिसला म्हणतात."

"अहो, तो सभेला कसला जातोय? तो तिथं रोज चणे खायला जातो!"

"मग चणे खाताना दिसला असेल," कारकून म्हणाला, आणि फाइलमध्ये नाक घालून बसला.

त्या संध्याकाळी घरी परतताना त्रिलोकेकर तीनदा मागं वळले. काळ्या टोपीतला एक माणूस ठाकुरद्वारपासून मागे होता. त्रिलोकेकर थांबले की तोही थांबे. शेवटी गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाठलंच. माणसानं टोपी काढून नमस्कार केला आणि विम्याचं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विमा एजंटाला चहाला या म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली तेव्हा मात्र ते हातातला पेपर टाकून मोरीत जाऊन उभे राहिले. राजलक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं.

"अहो, या बाहेर. बाईमाणूस आहे."

शेवंती होती. नऊवारी नेसलेली, पायात चपला नव्हत्या. कागद कसा झालाय ते बघायला काळाचौकीहून चालत आली होती. त्रिलोकेकरांनी नवा कागद पुढं केला. तिनं बोट ठेवून ठेवून वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"सायबांनू, नियती म्हंजे?"

"म्हणजे... नशीब. दैव. वाङ्‌मयीन शब्द आहे. चांगला आहे."

"पण दैव नाक्यावर कशाक उभा रवात? तिथं तर बंदूक होती. मी बघितली ना."

"बाई, तुम्हाला कळत नाही. सभागृहात कोण येऊन बसेल सांगता येत नाही. तुमच्यावर बालंट येईल, माझ्यावर येईल, मंडळाला टाळं लागेल!"

शेवंतीचं कागदावरचं बोट वर सरकलं.

"नाव पण काढलात?"

त्रिलोकेकरांनी टेबलावरची लाल पेन्सिल खिशात घातली.

"पेपरात त्याचं नाव नव्हतं आलं," ती म्हणाली. "'आणखी एक इसम' एवढंच होतं. आईनं तो पेपर ठेवलाय, वाचता येत नाय तरी. रोज माका इचारता, ह्यात रामू खंय? म्हटलं, चार माणसांत एकदा तरी त्याचं नाव घेऊया. आज येतली ती ऐकाक. कानान जरा कमी ऐकता, पण पुढं बसवीन." तिनं कागदाची घडी घातली आणि तो परत दिला. "असूंदे. तुमी म्हणता तर असंच वाचते. नायतर तेवढं पण नाय मिळायचं."

ती जिना उतरून गेली. त्रिलोकेकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. राजलक्ष्मीबाई जेवणघराच्या दारात कोलंब्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ही नियती कुठल्या नाक्यावर उभी असते हो? मी कधी पाहिली नाही."

"तू यात पडू नकोस."

"बंदूक पाहिलीय. आपल्याच गच्चीवरून. तुम्ही तेव्हा पलंगाखाली होता, म्हणून तुम्हाला दिसली नसेल."

"भिंतीला कान असतात, हळू बोल!"

"असू देत. त्यांनाही कळू दे." एक कोलंबी सोलून पातेल्यात पडली. "मला एक सांगा, हे शब्द बदला म्हणून कोणी हुकूम दिला तुम्हाला?"

"हुकूम यायची वाट बघत बसू? अच्युतला आधी कोणी सांगितलं होतं?"

"अच्युतभाऊ चणे खात होते. चणे खाणाऱ्याची बदली होते आणि बंदुकीची नियती करणाऱ्याची होत नाही, असं कुठं लिहिलंय? ज्यांना बदली करायची ते करणारच. मग तुम्ही आधीच त्यांचं काम का करून ठेवता?"

"मला भीती वाटते," त्रिलोकेकर म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उघड म्हटलं होतं. "खरंच वाटते गं. पावलं वाजली की पोटात गोळा येतो. लीलाचं लग्न व्हायचंय. पेन्शन अडवून ठेवली तर खायचं काय?"

राजलक्ष्मीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"मलाही वाटते. भीती वाटली म्हणून कोणी नावं ठेवणार नाही तुम्हाला. तुम्ही स्वतः गप्प बसलात तर ती तुमची भीती. पण तुम्ही तुमची भीती त्या बाईच्या तोंडात घातलीत. तिचा भाऊ गेला, आणि त्याला कोणी मारलं नाही, तो आपला नशिबानं गेला, असं तुम्ही तिच्याच नावावर लिहून दिलंत. गोळी मारणाऱ्यालासुद्धा एवढं सफाईनं जमलं नसतं!"

त्रिलोकेकर उठून आत गेले. दुपारी कोलंबीचं सांबारं झालं होतं. त्यांनी वाटी न चाखताच बाजूला सरकवली.

चार वाजता सभागृह भरलं. सात कवी, साठेक श्रोते, त्यांत राजलक्ष्मीबाईही, आणि टेबलावर सह्या केलेल्या सात कागदांची चळत. अध्यक्ष चिंतामणराव दिवाणखान्यात बसल्यासारखे ऐसपैस बसले होते. खिडक्या अर्थातच बंद होत्या.

आणि सव्वाचारला तो आला.

पांढरा शर्ट, तपकिरी कोट, हातात वही. दाराशी उभा राहून त्यानं माणसं मोजली, ओठ हलताना दिसले. मग शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वही मांडीवर उघडली. सभागृहात एक विचित्र गोष्ट झाली. शेवटच्या रांगेतले लोक एकेक करून पुढे सरकले. तो एकटाच उरला. हा काही विम्याचा नव्हता.

परळचा तरुण उठला आणि प्रेयसीसाठी अर्ज करून खाली बसला. टाळ्या पडल्या नाहीत. दुसरा कवी चंद्रावर वाचत होता, तरी घाम पुसत होता. मागं पेन्सिलीची खरखर चाले. कवी थांबला की ती थांबे. त्रिलोकेकरांना वाटलं, ही खरखर आपल्या सर्व्हिस बुकावर चालली आहे.

"शेवंती परब," त्यांनी पुकारलं. आवाज स्वतःलाच ओळखू आला नाही. तिच्या हातात सही केलेला कागद देताना ते तिच्याकडे न बघता बाजूला झाले.

पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. लहानशी, वाळलेली, लुगड्याचा पदर कानामागं खोवलेला, मान पुढं काढलेली. शेवंतीनं वाचायला सुरुवात केली.

"भाकर बांधली डब्यात, कांदा ठेविला वर, 'चारला येतो' म्हणत... बंधूनं... ओलांडला उंबर."

ती थांबली. पुढची ओळ येईना. त्या शांततेत म्हातारीचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू आला. कमी ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"शेवंते! रामूचां नाव खंय गेलां?"

शेवंतीनं आईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. तिचे ओठ नुसते हलले. म्हातारी आजूबाजूच्या माणसांकडे बघू लागली. तिला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. तिनं शेजारच्या बाईच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "घेतल्यान काय गो? नाव घेतल्यान काय?"

त्रिलोकेकर खुर्चीवरून उठले कधी, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांनी टेबल धरलं.

"रामू!" ते म्हणाले. ओरडलेच जवळजवळ. "रामू आहे तिथं, आजी! रामू परब! ते नाव मी खोडलं. चूक माझी आहे!"

मागची खरखर सुरू झाली. त्रिलोकेकरांना ती ऐकू आली. त्यांना वाटलं, आता खाली बसावं. पण एकदा उघडलेलं तोंड तीस वर्षांचं साचलेलं बोलून टाकल्याशिवाय मिटेना.

"आणि पुढच्या कडव्यात नियती नाही. नियती बियती काही नाही! तिथं बंदूक आहे. बाई, तुम्ही तुमचं म्हणा. तो कागद ठेवा खाली."

शेवंतीनं कागद टेबलावर ठेवला. डोळे मिटले. आणि तिनं वाचलं नाही, गिरणीत यंत्रापाशी उभी राहून म्हणत असेल तसं सुरात म्हटलं, पहिल्यापासून. रामूचं नाव आलं तेव्हा म्हातारीनं जोरजोरात मान हलवली. बंदूक आली. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत ती कुणाला टोचली नाही असं नाही, पण कोणी उठून गेलं नाही. मग शेवटचं कडवं आलं.

*चार वाजले, दारात डबा एकटाच आला,*
*डोळे भरून आले, मी दोष कांद्याला दिला.*

चिंतामणरावांनी उपरण्यानं चष्मा पुसला. मग परळचा तो अर्ज करणारा तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "चिटणीससाहेब, मी पुन्हा वाचू का? माझ्यात 'लढेन' होतं!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

त्रिलोकेकरांनी चळतीतले सगळे कागद उचलले, मधोमध फाडले आणि श्रोत्यांसमोर उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले, "कवी कोणाला भीत नाही, असं मी इथं दर वर्षी सांगत आलो. ते खोटं आहे. कवी भितो. मी तर कवीही नाही, तरी भितो. आत्तासुद्धा माझे पाय कापताहेत, तुम्हाला इथून दिसत असतील. पण आज मला एक कळलं. जुलूम करणाऱ्याला हजार हात नसतात. उरलेले हात आपण देतो, घाबरून, न मागता, फुकट! कोणी सांगण्याआधी शब्द खोडतो, कोणी विचारण्याआधी नाव पुसतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. यापुढे या मंडळात ज्याची कविता, त्याचे शब्द. पाच मिनिटं त्याची, तोंडही त्याचंच. भीती वाटली तर आपण सगळे मिळून भिऊ. पण दुसऱ्याच्या दुःखावर आपली लाल पेन्सिल चालवणार नाही!"

वाचकहो, हा धडा आपणा सर्वांनाच आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात अशी एक पेन्सिल असते. कोणी ती घरात चालवतो, कोणी कचेरीत, कोणी शेजाऱ्याच्या गाऱ्हाण्यावर. ती चालवण्याआधी एवढंच विचारावं: हे मला कोणी सांगितलं? आणि उत्तर 'कोणीच नाही' असं आलं, तर हात आवरावा.

उरलेल्या कवींनी आपापले मूळ शब्द म्हटले. कोणीतरी एक खिडकी उघडली. साडेपाचला सभा संपली, माणसं पांगू लागली, आणि तपकिरी कोटातला माणूस खुर्च्यांमधून वाट काढत सरळ टेबलापाशी आला. राजलक्ष्मीबाई नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. शेवंतीनं आईला मागं घेतलं.

त्रिलोकेकरांनी कोटाची बटणं लावली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "मनमोहन सदाशिव त्रिलोकेकर. हेड क्लार्क. झालं त्याला जबाबदार मी. या बाईंचा यात काही संबंध नाही."

"ते लिहिलंय हो," माणूस म्हणाला. त्यानं वही उघडून दाखवली. साऱ्या सभेचा वृत्तांत होता, चंद्रासकट. एके ठिकाणी मात्र अर्धं पान कोरं होतं. तो जरा ओशाळला, इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या साहेबांना रिपोर्ट द्यायचाय. पण त्या बाईंचं शेवटचं कडवं राहिलं. ऐकत बसलो आणि लिहायचंच राहून गेलं. तेवढं एकदा पुन्हा म्हणायला सांगता का त्यांना? जरा सावकाश."